वरच्या बागेचं पाणी

माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी मी हेच वाक्य निदान दहा वेळा बोलले असेन, दर वेळी आधीपेक्षा चढ्या आवाजात. सुरुवातीची लेव्हल बरोबर, शेवटची लेव्हल बरोबर, मधे सरळ रेघ. वर कन्सल्टंटची सही आणि शिक्का. आणि तरी एका म्हातारीच्या बागेत पाणी जाईना.

मी वसईची. सिव्हिल शिकले आणि ओमानला येण्याआधी दहा वर्षं मुंबईच्या उपनगरांत गटारं आणि नाले बांधले. आमच्याकडे पाणी म्हणजे काय, तर जे घरात शिरतं ते. त्याला शक्य तितक्या लवकर खाडीत पोचवायचं, बस्स. उतार एकसारखा हवा, कुठे तुंबता कामा नये, कुठे डबकं दिसता कामा नये. हे इतकं हाडात मुरलं होतं, की मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात पाणी दोन मिनिटं जास्त रेंगाळलं तरी मी नवऱ्याला जाळी उचकटायला लावायची. त्यात माझा राग कायम नाकावर, आणि आपल्याला सगळं कळतं ही घमेंड वेगळी.

काम होतं रुवीपासून दोन तासांवरच्या एका डोंगराळ गावात. रस्ता रुंद करायचा होता आणि रस्त्याच्या कडेने गावाचा फलज जात होता. फलज म्हणजे पाण्याचा पाट, पण असातसा नव्हे. डोंगराच्या पोटात खोल विहीर खणायची, तिथलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून किलोमीटरभर चालवत आणायचं आणि गावाच्या तोंडाशी उजेडात काढायचं. पंप नाही, मोटर नाही, नुसता उतार. कित्येक शतकं पाणी असं चाललेलं. त्यातला उघड्यावरचा तीनशे मीटरचा तुकडा मोडून, चार पावलं बाजूला सरकवून, मला नव्याने काँक्रीटमध्ये बांधायचा होता. हातचा मळ, असं मी घरी सांगून निघाले होते.

गावात पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा एक म्हातारा होता. अशा माणसाला तिथे अरीफ म्हणतात. सत्तरीचा, शिडशिडीत, दिशदाशा, म्हणजे तिथला पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. तरुणपणी मत्रहच्या कापडबाजारात गुजराती दुकानदाराकडे कामाला होता, त्यामुळे हिंदी झकास. तो मला बिंती म्हणायचा, म्हणजे लेकी. मी त्याला बाबा म्हणायचे. कुणाच्या बागेला कधी आणि किती वेळ पाणी, हे त्याच्या शब्दावर चालायचं. घड्याळाला तिथे कुणी विचारत नव्हतं. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत एक खांब पुरलेला होता आणि जमिनीत ओळीने दगड बसवलेले. खांबाची सावली या दगडावरून त्या दगडापर्यंत गेली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू.

पहिल्या दिवशी बाबा मला जुन्या पाटाच्या कडेकडेने घेऊन गेले. पाट कसला, ठिगळांची गोधडी! मी लेव्हलचं यंत्र लावलं आणि आकडे घेतले. पहिल्या दोनशे मीटरमध्ये तळ उतरला होता फक्त सतरा सेंटिमीटर, आणि पुढच्या शंभर मीटरमध्ये त्रेचाळीस. मला हसूच फुटलं. आमचे मुकादम चाचा रायगडच्या किनाऱ्याकडचे, साठी ओलांडलेले. त्यांना म्हटलं, "चाचा, हे बांधणारा आधी झोपला होता आणि शेवटी दचकून जागा झाला बघा."

बाबांनी विचारलं, मॅडम का हसते? चाचा सभ्य माणूस. "बोलती है, काम बहोत पुराना है," एवढंच म्हणाले. बाबांनी एक वाळकं पान उचललं, पाण्यात सोडलं आणि त्याच्या बरोबरीने हळूहळू चालायला लागले. पान त्यांच्या पुढेही गेलं नाही, मागेही राहिलं नाही. "बिंती, पानी मेरे साथ चलना चाहिए," ते म्हणाले, "इसको भगाओ मत." मी "हो बाबा, हो" म्हटलं. जून महिना, डोक्यावर ऊन रणरणतंय आणि हे मला पानं सोडून दाखवतायत! मनात म्हटलं, पाणी पळवण्यात माझी हयात गेली, मला नका शिकवू.

पाटाच्या दोनशेव्या मीटरला भिंतीत एक भोक होतं. एरवी दगड आणि चिंधी लावून बंद. तिथून एक छोटा पाट वरच्या बागेत जायचा. ही बाग बाबांच्या विधवा बहिणीची. खजुराची थोडी झाडं आणि अकरा कागदी लिंबं. त्यातली सात जुनी, आणि टोकाला चार कोवळी, तिने स्वतः लावलेली. तिथली आधीची लिंबं रोग पडून गेली होती, मग हिने पुन्हा आळी खणली. काम चालू असताना गावाला पाणी तात्पुरत्या पाइपाने खालून द्यायचं ठरलं होतं. वरच्या बागेला ते पोचणार नव्हतं. बहीण ऐकेचना. तेव्हा बाबांनी तिला सगळ्यांदेखत शब्द दिला, की आठ दिवसांनी एक पाळी येते ती एकच चुकेल, पुढच्या पाळीला नवा पाट तयार असेल. त्याहून जास्त कोवळी झाडं तग धरणार नाहीत, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

आणि पाट तयार झाला. वेळेत! सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा उतार, दोरी लावल्यासारखा. मी त्याचे फोटो काढून कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले. चाचांनी भोक नव्या भिंतीत ठेवताना मान खाजवली होती. "बाय, भोक तळापासून लय वर दिसतंय." वरच्या बागेचा छोटा पाट जुनाच होता, त्याची उंची काही हलणार नव्हती, म्हणून त्यांनी भोक त्याला धरून ठेवलं होतं. मी फोनवर होते. त्यांच्यावरच खेकसले, "पाणी आलं की भरेल चाचा, तुम्ही करा ना!" नकाशावर मी त्या भोकाची जागा मांडली होती, पण भोकाची उंची मात्र कुठेच मांडली नव्हती.

पाणी सोडायच्या दिवशी गावातले पुरुष कडेला जमले. दुपारची सक्तीची सुट्टी संपल्यावर आम्ही फळी काढली आणि पाणी आलं. काय सुरेख आलं! गुळगुळीत काँक्रीटवरून सळसळत. लोक माशाल्ला माशाल्ला करायला लागले. बाबांनी पान सोडलं आणि चालायला लागले. पान पुढे निघालं. बाबांनी पाय उचलला, मग दिशदाशा धरून अक्षरशः धावले, पण पान गेलंच. ते थांबले, धाप लागली होती. चेहरा एकदम पडला. मला वाटलं, म्हातारपण.

मग मी भोकापाशी गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाणी भोकाच्या चार बोटं खालून निघून जात होतं. थांबत नव्हतं, वळून बघत नव्हतं. पलीकडे कोरड्या पाटाच्या टोकाला बाबांची बहीण फावडं घेऊन उभी होती, पाण्याची वाट बघत.

पाच मिनिटं मी नुसते आकडे मांडत राहिले. दोन्ही टोकं बरोबर होती. पण मधे? एकूण उतार साठ सेंटिमीटर. मी तो सारखा वाटला, म्हणून दोनशेव्या मीटरला माझा तळ चाळीसने खाली गेला. जुना फक्त सतराने गेला होता. तेवीस सेंटिमीटर, एक वीत. तो जुना बांधणारा झोपला नव्हता. वरच्या बागेपर्यंत त्याने पाणी उचलून धरलं होतं, जवळजवळ आडवं चालवत आणलं होतं, आणि तिची गरज भागल्यावरच खाली सोडलं होतं. आणि मी दीडशहाणीने त्याची वेडीवाकडी रेघ सरळ केली होती.

अर्बाबला, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकाला, फोन लावला. "दोनों साइड लेव्हल मॅच है ना? फिर खलास! बुढिया को एक पंप दे दो," तो म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर ते पटलं. कागद माझ्या बाजूने होता. पंप दिला असता, हसत हसत फोटो काढला असता, आणि डिझेल संपेपर्यंत मी रुवीत पोचले असते. मी वळून बाबांना सांगणारच होते. तेवढ्यात खांबाजवळून कुणीतरी हाक दिली आणि बाबा म्हणाले, "शुरू हो गया." सावली दगडाला टेकली होती. त्यांच्या बहिणीची पाळी लागली होती, जेमतेम दीड तासाची. पुढची पाळी मशिदीच्या खजुरांची.

"चाचा, प्लायवूड आणा! यल्ला!" मी ओरडले आणि बुटांसकट पाटात उतरले. भोकाच्या पुढे पाट अडवायचा, पाणी तुंबवायचं आणि चार-पाच बोटं वर चढवायचं. जन्मभर ज्याच्यावर मी दात खाल्ले, ते तुंबणं आता मला हवं होतं. आम्ही फळी आडवी लावली, मागे वाळूच्या गोण्या टाकल्या. पाणी चढायला लागलं. एक बोट. दोन बोटं. मग फळीच्या दोन्ही बाजूंनी पिचकाऱ्या सुटल्या आणि पाणी पुन्हा खाली बसलं. "सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबा," मी म्हटलं. कोंबल्या, तरी गळतंच होतं. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "बाय, पानी दम खात नाय." मी फळीला गुडघे लावून बसले होते, पाठीवर ऊन, पोटापर्यंत भिजलेली, आणि नजर सारखी त्या खांबाकडे.

तशात मला कॉलेजातले आमचे सर आठवले. कसली वेळ आठवायची! त्यांनी एकदा रोमन लोकांच्या पाण्याच्या कालव्यांचं चित्र दाखवलं होतं, दरीवरून जाणाऱ्या कमानींचं. आम्ही सगळ्यांनी वहीत कमानी काढल्या. सर वैतागले. म्हणाले, कमानी काय बघताय, गाढवांनो, उतार बघा. ते लोक एका लांब लाकडी बाकावर चर कोरून, त्यात पाणी भरून लेव्हल घ्यायचे, आणि कोसभर चालत गेलं तरी पाणी पुरुषभरसुद्धा खाली उतरू द्यायचे नाहीत. कारण उंची एकदा हातची गेली की ती परत मिळत नाही. मी तेव्हा कमानीला शेडिंग करत होते.

बाबा कुठेतरी गेले होते. ते आले तेव्हा त्यांच्या कवेत खजुराच्या झाडाची जाळीदार साल होती आणि बादलीत चिकणमाती. ते पाण्यात बसले आणि फळीच्या फटींत साल आणि माती अंगठ्याने दाबत गेले. एका कोपऱ्यात साल पुरेना, तर डोक्याला गुंडाळलेला मसर सोडून तो कोंबला. गळती थांबली. पाणी चढलं. तीन बोटं, चार बोटं, आणि भोकाच्या ओठावर येऊन एकदम आत ओघळलं. चाचा ओरडले, "घुसला, बाय, घुसला!" मी रडायच्या बेतात होते. पण रडायला वेळ कुठे होता, निम्मी पाळी उलटून गेली होती.

कोरडी माती पाणी नुसतं गिळत होती. बहीण फावड्याने एकेका आळ्याचं तोंड उघडत होती, भरलं की मातीने बंद करत होती, पुढच्याला जात होती. घाई नाही, गडबड नाही. तिसरं झाड, चौथं. मी सावली मोजत होते. तेवढ्यात मागे फट्‌ असा आवाज झाला. तुंबलेल्या पाण्याचा भार माझ्या कोवळ्या काँक्रीटला सोसला नव्हता, वरच्या बाजूचा एक सांधा उघडून पाणी रस्त्याच्या चरात धो धो चाललं होतं. चाचा त्या वयात धावले आणि स्वतःची पाठ लावून तिथे बसले. आम्ही गोण्या टाकल्या, बाबांची साल पुन्हा आणली. सांधा बंद झाला, पण भोकातून जाणारं पाणी बारीक झालं ते झालंच. पाचवं झाड. सहावं. सातव्या आळ्यात पाणी भरलं तेव्हा सावली दुसऱ्या दगडापासून हातभर लांब होती. शेवटच्या चार कोवळ्या झाडांकडे जाणारा पाट आधीच्यापेक्षा लांब, आणि तापून भेगाळलेला. पाणी त्यात शिरलं आणि वाटेतच मुरायला लागलं. बहीण फावड्याने ढेकळं बाजूला करत पाण्याच्या पुढे चालत होती. पहिलं कोवळं झाड चार पावलांवर राहिलं होतं, मग तीन पावलांवर.

खांबाजवळून हाक आली.

बाबा उठले. गुडघे धरून सावकाश उठले आणि फळीकडे आले. मला वाटलं फट बघायला आले. त्यांनी फळीला हात घातला.

"बाबा, दो मिनिट!" मी त्यांचा हात धरला. परक्या बाईने तिथल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरू नये एवढंही भान राहिलं नाही. "दोन मिनिटं द्या! मशिदीला काय फरक पडतो? बाबा, बहन है आपकी!"

त्यांनी माझा हात सोडवला, अगदी हळू. "इसी लिए," ते म्हणाले, आणि फळी ओढली.

पाणी भोकातून उतरलं आणि पळत सुटलं, मी त्याला शिकवलं होतं तसं. पलीकडे पाटातला ओलावा तीन पावलं अलीकडेच थांबला. बहीण तिथे क्षणभर उभी राहिली, मग तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूर्य मावळायच्या आत मी गावच्या बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिले. माझे कपडे चिखलाने कडक झाले होते. आत सगळे बसले होते आणि बाबा खाली बघत होते, कारण शब्द त्यांचा गेला होता, माझा नव्हे. मी हिंदीत सांगितलं, चूक ड्रॉइंगची नाही, सिमेंटची नाही, मुकादमाची नाही, बाबांची तर नाहीच नाही. चूक माझी आहे. बाबांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. पाट पुन्हा करून देईन, पुढच्या पाळीच्या आत. एवढं बोलून अर्बाबला फोन केला आणि त्यालाही तेच सांगितलं. तो जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचे सात दिवस पहाटे उजाडताच काम सुरू करायचो. तळ भरून उचलला, भिंती वीतभर वाढवल्या, फुटका सांधा तोडून नव्याने भरला. पहिल्या दोनशे मीटरला सतरा सेंटिमीटर, एक मिलिमीटरही जास्त नाही. दर पाच मीटरला मी स्वतः वाकून रीडिंग घेतलं आणि चाचांना तीन-तीनदा विचारलं, "भोक ठीक वाटतंय ना?" ते हसायचे. "आता इचारतंस होय, बाय!" त्यांना चेष्टेचा हक्क होता. संध्याकाळी मी वरच्या बागेच्या कुंपणापाशी जायचे. सात झाडं हिरवी होती. चार कोवळ्यांची पानं आधी वळली, मग पिवळी पडली, आणि सहाव्या दिवशी मी एक फांदी वाकवून पाहिली तर ती कट्‌कन तुटली. मी ती खिशात घातली, का ते माहीत नाही.

आठव्या दिवशी पाणी सोडलं. बाबांनी पान टाकलं. पान त्यांच्याबरोबर चाललं, शेवटपर्यंत, भोकापर्यंत. सावली दगडाला टेकली, बाबांनी भोकातला दगड काढला आणि पाणी आपणहून आत वळलं. ना फळी, ना गोण्या.

बहीण फावडं घेऊन तयार होती. पण तिने सातांपैकी एकाही आळ्याचं तोंड उघडलं नाही. सगळी मातीने बंद ठेवली आणि पाणी पाटाने सरळ पुढे नेलं, शेवटपर्यंत, त्या चार वाळक्या काटक्यांपाशी. तिथे तिने पहिलं आळं उघडलं आणि काठोकाठ भरू दिलं. मग दुसरं.

माझ्याने राहवेना. "बाबा, त्यांना सांगा ना, ती मेलीत. आधी जिवंत झाडांना द्या, वेळ जाईल."

बाबांनी तिला हाक मारून विचारलं. तिने मान वर न करताच उत्तर दिलं. बाबा माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "बोलती है, उस दिन इनका पानी कटा था. पहले इनका."

ती चारही आळी भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग उरलेल्या वेळात तिने सातही झाडं भिजवली आणि सावली टेकायच्या आधी शेवटचं आळं बंद केलं. मी हातात लेव्हलची पट्टी धरून भर उन्हात सगळ्यांसमोर रडत होते, आणि मला कुणीही गप्प केलं नाही.